पडद्याचे निजमान

एखादी वस्तू जशी आहे तशी दिसावी एवढी अपेक्षा माणूस आरशापासून करतो, चष्म्यापासून करतो आणि न्यायाधीशापासूनही करतो. ती भंगली की तो तक्रार करतो. परंतु भंगलेली अपेक्षा पुरी झाल्यासारखी भासत असेल तर? आरसा फुटलेला नाही, चित्र समोर आहे, चौकट काठोकाठ भरलेली आहे, आणि तरीही जे दिसते ते त्या वस्तूचे पुरे रूप नाही, अशी स्थिती असेल तर तिला दोष म्हणावयाचे की नाही? आणि म्हणावयाचे तर तो कोणाच्या पदरात टाकावयाचा? प्रश्न जुनाच आहे. तो आम्हांस अलीकडे पुन्हा सुचला तो मात्र एका अगदी नव्या आणि क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूच्या निमित्ताने. ती वस्तू म्हणजे संगणकाचा पडदा, ज्याला आता घरोघरी मॉनिटर म्हणतात.

हल्लीचा मॉनिटर ठिपक्यांचा बनलेला असतो. अगदी साधारण समजल्या जाणाऱ्या पडद्यावर एका आडव्या ओळीत १९२० ठिपके असतात आणि अशा १०८० ओळी असतात. गुणाकार केला म्हणजे वीस लाख त्र्याहत्तर हजार सहाशे ठिपके भरतात. ते कारखान्यात कायमचे बसवलेले असतात. मागाहून त्यांत एकाचीही भर पडत नाही की एकही कमी होत नाही. संगणकाने नेमके तितक्याच ठिपक्यांचे चित्र धाडले तर प्रत्येक ठिपक्यास स्वतःचे एक निश्चित काम मिळते, आणि काळ्या रेघेची कड काळीच राहते. तंत्रज्ञ यास नेटिव्ह रिझोल्यूशन म्हणतात. आम्ही या लेखापुरते त्यास पडद्याचे निजमान म्हणू. कमी ठिपक्यांचे चित्र आले तर पडदा ते परत पाठवीत नाही. तो ते ताणून आपल्या अंगभर पसरतो आणि जेथे धाडलेला ठिपका नेमका बसत नाही तेथे शेजारपाजारच्या ठिपक्यांची सरासरी काढून वेळ निभावून नेतो. काळ्या रेघेच्या कडेला करडी छाया उमटते ती या सरासरीची. चित्र बिघडले असे कोणी म्हणत नाही. ते किंचित मऊ पडते, इतकेच.

बडोद्याच्या जुन्या शहरात वाडी नावाचा जो भाग आहे, तेथील एका मराठी घरात घडलेली गोष्ट अशी. घरातील बाई शाळेतून निवृत्त झालेल्या. सयाजीरावांच्या काळी निघालेल्या श्रीसयाजी साहित्यमालेतील आणि तत्सम जुन्या मराठी पुस्तकांची छायाचित्रित पाने संगणकावर लावून वाचणे हा त्यांचा आवडता उद्योग. पूर्ण पान एकदम समोर ठेवून वाचावयाची त्यांची सवय. जुना पडदा गेला तेव्हा परगावच्या भाच्याने चोवीस इंची नवा पडदा पाठविला. जोडून देण्यास जो कारागीर आला त्याने जुन्या पडद्याचीच केबल नव्याला लावली, दिवा लागला, चित्र उमटले, आणि तो म्हणाला, "चाले छे ने, बेन? बस." बाईंनीही मान डोलावली. त्यानंतरचे कित्येक महिने त्यांना वाटत राहिले की आपली दृष्टी उतरली. त्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आल्या. चष्म्याचा नंबर जेथल्या तेथेच होता. मग त्यांनी असे मनाशी धरले की छपाईच जुनी, ती अशीच दिसावयाची.

खरा प्रकार उघडकीस आणला तो शेजारच्या एका लहान मुलीने. उत्तरायणाच्या दिवशी गच्चीवर काढलेला फोटो पडद्यावर लावला असता ती म्हणाली, "आजी, आपली फिरकी अशी चपटी का दिसते?" मांजा गुंडाळावयाच्या फिरकीची चाके पडद्यावर लांबट झाली होती, आणि माणसांचे चेहरेही. हिशेब सोपा आहे. संगणक १०२४ गुणिले ७६८ ठिपक्यांचे चित्र धाडीत होता. आडवे ताणावे लागे ते पावणेदोनपटीहून अधिक आणि उभे दीडपटीहूनही कमी. त्यामुळे प्रत्येक वर्तुळ आपल्या उंचीपेक्षा एक-तृतीयांशाने रुंद होत होते. आणि वीस लाखांहून अधिक ठिपक्यांच्या पडद्यावर खरी बातमी येत होती ती अवघ्या सात लाख शहाऐंशी हजार ठिपक्यांपुरती, म्हणजे शंभरांत सुमारे अडतीस. उरलेली सारी सरासरी!

संगणकाने असे का केले, हे पाहू गेले असता जी गोष्ट कळते ती आम्हांस या सर्व प्रकरणात सर्वांत विचार करण्याजोगी वाटते. प्रत्येक पडद्यात त्याच्या कर्त्याने एक लहानशी नोंद ठेवलेली असते. मूळ स्वरूपात ती अवघ्या १२८ बाइटांची, म्हणजे लांबीने आपल्या पोस्टकार्डावरील दोन-तीन ओळींएवढी. मी कोण, कोठला, माझे मान किती, एवढे त्यात लिहिलेले असते. या नोंदीचा नमुना १९९४ साली ठरला. संगणक सुरू होताच त्याने आधी ही नोंद विचारून घ्यावी आणि मग तिच्याबरहुकूम चित्र काढावे, असा संकेत आहे. जुन्या निळ्या तोंडाच्या केबलीत पंधरा पिना असतात. त्यांतील बहुतेक चित्र वाहून नेण्यासाठी आणि त्याच्या परतीच्या जोडणीसाठी खर्ची पडतात. पडद्याचे म्हणणे ऐकण्याचे काम मुख्यतः दोनच पिनांकडे असते, बारावी आणि पंधरावी. वाडीतल्या त्या केबलीची बारावी पीन मोडलेली होती. चित्र नेणाऱ्या पिना शाबूत होत्या. त्यामुळे संगणक बोलू शकत होता. त्यास ऐकू मात्र काही येत नव्हते. उत्तर न मिळाल्यावर त्याने कोणत्याही पडद्यास सहज झेपेल असे एक बेताचे माप स्वतःच ठरवून टाकले. यात त्याचा दुष्टावा नाही. अपरिचिताशी आपणही असेच वागतो. ज्याचे म्हणणे कानी आले नाही त्यास आपण सामान्य समजतो, आणि त्यालाच सौजन्य मानतो.

नवी केबल आणली आणि काम झाले. कित्येक घरांत एवढेही करावे लागत नाही. चित्र काढणाऱ्या यंत्रणेचा ड्रायव्हर बसवायचा राहिलेला असतो, किंवा सेटिंगमध्ये शिफारस केलेले माप निवडले की भागते. हा तपशील आम्ही लांबवीत नाही.

आता दोष कोणाचा? पडद्याचा नाही, तो आपले मान सांगावयास पहिल्या दिवसापासून तयार होता. संगणकाचा नाही. पिनेला नीतिशास्त्र लागू नाही. राहिला तो कारागीर, आणि त्याचे ते "चाले छे ने". हे वाक्य गुजरातीत आहे म्हणून कोणी मराठी माणसाने फुशारून जाऊ नये. "चालतंय की" हे त्याचेच सख्खे भावंड. ज्यात काहीच दिसत नाही तो बिघाड सर्वांस कळतो आणि त्यास उपाय होतो. ज्यात काहीतरी दिसते त्याची खंत कोणालाच वाटत नाही, आणि वाटलीच तर माणूस दोष स्वतःकडे घेतो. बाईंनी आपल्या डोळ्यांस दोष दिला, छपाईस दिला. चालते आहे असे म्हणणाऱ्याने त्यांना फसविले नाही हे खरे. परंतु पडदा काय म्हणतो हे विचारून घेण्याची त्याच्यावर जी जबाबदारी होती ती त्याने दिवा लागताच संपली असे मानले. आमच्या मते येथे प्रमाद घडला तो हा, आणि त्याला अज्ञान म्हणून सोडून देणे आम्हांस मान्य नाही. कारण विचारण्याचा मार्ग मोडला आहे की नाही, हे पाहणेही विचारण्याचाच भाग आहे.

यावर कोणी असे म्हणेल की कमी रेखीव रूप दाखविणे हाच जर दोष असेल तर राजा रविवर्मा यांस काय म्हणाल? आक्षेप बडोद्याच्या माणसास चांगलाच लागू आहे. सयाजीरावांनी लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी रविवर्म्याकडून चौदा पौराणिक चित्रे करवून घेतली. पुढे १८९४ साली रविवर्म्याने मुंबईस शिळाछापाचा कारखाना काढला आणि त्यातून निघालेली लक्ष्मी-सरस्वतीची चित्रे हजारो घरांच्या भिंतींवर गेली. मूळ तैलचित्रातील कातडीची झाक, जरीच्या काठावरचा उजेड, हे त्या छापील प्रतीत पुष्कळसे हरवते. तथापि त्यास आम्ही अपराध म्हणणार नाही. ज्याच्या घरी मूळ चित्र कधी येणेच शक्य नव्हते त्याला प्रत मिळाली, आणि ती प्रत आहे हे त्यालाही ठाऊक होते. वाडीतल्या घरी याच्या उलट झाले. मूळ वस्तू घरात होती, दाम मोजून आणलेली होती, टेबलावर उभी होती, आणि तरीही बाईंच्या वाट्यास प्रतच येत होती. शिवाय ती प्रत आहे हे त्यांस कोणी सांगितले नव्हते. अपुरे मिळणे ही निराळी गोष्ट, आणि पुरे असून अपुरे पोचणे ही निराळी.

आता थोडे अनुस्वाराविषयी, कारण बाईंची खरी अडचण तेथेच होती. जुन्या मराठी छपाईत "तें" आणि "ते" हे दोन निरनिराळे शब्द होते. पहिला एका नपुंसकलिंगी वस्तूसाठी, दुसरा अनेक पुरुषांसाठी. डोक्यावरचा एक ठिपका एवढाच काय तो फरक. ताणलेल्या चित्रात हा ठिपका शेजारच्या मात्रेत विरून जाई, आणि बाई "ते" असे वाचून पुढे जात व मग वाक्य जुळेना म्हणून मागे येत. आज आपण हा ठिपका देतच नाही. मराठी साहित्य महामंडळाने शुद्धलेखनाचे जे नियम केले आणि महाराष्ट्र शासनाने १९६२ मध्ये जे स्वीकारले, त्यांनी उच्चारात न उरलेले अनुस्वार लेखनातून काढून टाकले. त्यावर वाद पुष्कळ झाला. पण तो झाला, हेच येथे महत्त्वाचे. काय गाळावयाचे ते नाव घेऊन गाळले गेले. काय गेले ते आजही दाखविता येते. जाणूनबुजून केलेला त्याग आणि नकळत झालेली झीज यांचा परिणाम कागदावर एकसारखा दिसेल, परंतु नीतीच्या दृष्टीने त्यांत फार अंतर आहे.

कोकणीने तो ठिपका ठेवला, कारण कोकणीच्या तोंडी तो जिवंत आहे. "हांव आयलों" म्हणजे मी आलो, "तो आयलो" म्हणजे तो आला. क्रियापदावरचा ठिपका काढला की बोलणारा आणि ज्याच्याविषयी बोलले जाते तो, या दोघांच्या क्रियापदांचे रूप एकच होते. या पानांच्या वाचकांस हे सांगावयास नको. परंतु कित्येक वर्षे कोकणीस मराठीच्या मापात बसवून पाहिले गेले, ते कोणी वैरभावाने केले असे आम्हांस वाटत नाही. मराठीच्या चौकटीत कोकणी खरोखरच काठोकाठ भरल्यासारखी दिसे; शब्द कळत, अर्थ लागे, चाले छे ने! जे निसटे ते या ठिपक्याएवढे असे, आणि ज्याचे निसटे त्यालाच ते जाणवे. साहित्य अकादमीने १९७५ मध्ये कोकणीस स्वतंत्र भाषा म्हणून स्थान दिले, १९८७ मध्ये गोव्यात राजभाषेचा कायदा झाला, १९९२ मध्ये कोकणी घटनेच्या आठव्या अनुसूचीत गेली. या साऱ्या खटाटोपाचा एक अर्थ असाही होतो की ती आपले मान स्वतः सांगत होती आणि ते ऐकावयास बराच काळ लागला. बडोद्याच्या मराठीविषयी असे काही अद्याप कोणी म्हटलेले नाही. गायकवाडांबरोबर आलेल्या कुळांची ती मराठी, गुजरातीच्या शेजारात वाढलेली. तिला पुण्याच्या मापाने तपासून तिच्यातील निराळेपणास चूक ठरविणारे पाहुणे मात्र दर सुट्टीत येतात.

येथवर आम्ही पडद्याची उपमा निःसंकोचपणे वापरली. आता तिच्याविरुद्ध जे बोलता येईल तेही बोलले पाहिजे. प्रत्येक पडद्यास निजमान असतेच असे नाही. पूर्वीचा पोटफुगा काचेचा पडदा, ज्याचे मूळ १८९७ साली फेर्डिनांड ब्राउन याने बनविलेल्या नळीत आहे, त्यास असे काही ठरीव मान नव्हते. आतून येणारा किरण जितक्या रेषा ओढील तितक्या रेषांचे चित्र तो आपल्या शक्तीच्या मर्यादेत जवळजवळ सारख्याच निष्ठेने दाखवी. मग माणूस यांपैकी कोणासारखा? त्यास जन्मजात ठरलेले मान असते, की त्याच्यावर जे धाडावे ते तो दाखवितो? हा प्रश्न उपमेपेक्षा वजनदार आहे. स्वधर्म या शब्दाचा आपल्याकडे जो वापर झाला त्यात पहिला पक्ष गृहीत धरलेला असे, आणि त्याचे परिणाम आपण सर्व जाणतो. पडद्यातील नोंद पडद्याने लिहिलेली नसते, ती कारखानदाराने लिहिलेली असते. माणसाच्या बाबतीत अशी नोंद लिहिण्याचा अधिकार दुसऱ्या माणसांनी घेतला, ती जन्मावरून लिहिली, आणि तीच त्याची प्रकृती असे जाहीर केले.

याच बडोद्यातील उदाहरण आहे. सयाजीरावांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीचे शिक्षण सुरू केले आणि १९०६ साली ते सर्व राज्यात नेले. म्हणजे कोणाच्या कपाळी काय लिहिले आहे हे आधी न पाहता सर्वांस शाळेत बसविले. त्यांच्याच शिष्यवृत्तीवर भीमराव आंबेडकर १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथून पुढे लंडनला जाऊन ते १९१७ मध्ये परतले आणि कराराप्रमाणे बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. या शहरात त्यांना राहावयास जागा मिळेना. नाव बदलून एका पारशी धर्मशाळेत ते राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दाराशी आला आणि त्यांना तेथून निघावे लागले. रात्रीच्या गाडीपर्यंतचे तास त्यांनी कामाठी बागेत काढले. त्या बागेस आज सयाजीबाग म्हणतात. राज्याने ज्याची विद्वत्ता जोखून समुद्रापार धाडले, त्याची ओळख शहराने एका जुन्या चिठ्ठीवरून वाचली. शहर त्या दिवशी बंद पडले नव्हते. कचेऱ्या चालू होत्या, बाजार भरला होता, गाड्या वेळेवर सुटत होत्या. चौकट भरलेलीच होती.

तेव्हा निजमान या शब्दाचा अर्थ आम्ही असा करतो. माणसास ठरीव मान नाही, या बाबतीत तो जुन्या काचेच्या नळीच्या अधिक जवळचा आहे. परंतु आज, या घटकेस, तो कोठवर पोचला आहे हे त्याला स्वतःला ठाऊक असते, आणि ते त्याच्याच तोंडून ऐकावयाचे असते. पोथीतून नव्हे, आडनावावरून नव्हे, आणि त्याचे भले चिंतणाऱ्या शेजाऱ्याकडूनही नव्हे. हे उत्तर उद्या बदलेल, म्हणून उद्या पुन्हा विचारावयाचे. संगणकदेखील दर वेळी सुरू होताना पुन्हा विचारतो, कालच्या उत्तरावर विसंबत नाही.

एक व्यावहारिक गोष्ट राहिली, आणि ती वाटते तितकी निव्वळ व्यावहारिक नाही. पडदा निजमानावर आणला की अक्षरे रेखीव होतात, पण बारीकही होतात. पुष्कळ वयस्क माणसे हे पाहून घाबरतात आणि पुन्हा जुन्या मापावर जातात, कारण तेथे अक्षर मोठे होते. त्यांना हसू नये. मोठे अक्षर ही त्यांची खरी गरज आहे. परंतु ती भागविण्याच्या दोन रीती आहेत. एक, पडद्यासच खाली उतरवावयाचे. दुसरी, पडदा त्याच्या निजमानावर ठेवून अक्षराचे प्रमाण वाढवावयाचे, सव्वापट, दीडपट, हवे तितके. सेटिंगमध्ये ही सोय निराळी दिलेली असते आणि सहसा कोणी तिकडे जात नाही. मुलांस कठीण विषय शिकविताना शिक्षकापुढे हाच पर्याय उभा असतो. विषयच पातळ करावा, की विषय पुरा ठेवून त्याला वेळ आणि जागा अधिक द्यावी? बाईंनी आयुष्यभर दुसऱ्या रीतीने शिकविले असे त्यांचे विद्यार्थी सांगतात, त्यामुळे त्यांना हे समजावून देण्यास फारसे बोलावे लागले नाही. आता त्यांच्या पडद्यावर प्रमाण दीडपट आहे. पूर्वी जो अनुस्वार दोन गुणिले दोन, म्हणजे चार ठिपक्यांत कसाबसा बसला असता, त्यास आता तीन गुणिले तीन, नऊ ठिपके मिळतात, आणि "तें" वाचून त्यांना मागे यावे लागत नाही.